फुटपाथवरच्या मुली आणि एका रात्रीची शिरगणती

२०२१ साली व्हावयाची होती ती जनगणना अखेर १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून होईल, असे केंद्र सरकारने २०२५ च्या जून महिन्यात अधिसूचना काढून जाहीर केले. त्यानंतर जी चर्चा झाली ती मुख्यतः जातनिहाय नोंदींविषयी आणि मतदारसंघांच्या फेररचनेविषयी. हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. ज्या आकड्यांतून सत्तेचे वाटप ठरावयाचे त्यांच्याकडे सर्वांचे डोळे लागणारच. परंतु या प्रचंड खटाटोपात एक रात्र अशी असते की जिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. आधी घरांची यादी करावयाची आणि मग त्या घरांतली माणसे मोजावयाची, ही जनगणनेची रीत. ज्यांना घरच नाही त्यांची गणना शेवटच्या एका रात्रीत उरकली जाते. २०११ मध्ये ती रात्र २८ फेब्रुवारीची होती. त्या रात्री प्रगणक फुटपाथ, उड्डाणपुलांखालच्या जागा, रेल्वेचे फलाट, देवळांची आवारे आणि रस्त्याकडेला पडलेले मोठाले नळ धुंडाळत हिंडले, आणि देशात १७ लाख ७३ हजार माणसे बेघर असल्याची नोंद झाली. त्यांपैकी महाराष्ट्रात २ लाखांहून अधिक, आणि एकट्या बृहन्मुंबईत सुमारे ५७ हजार.

या आकड्यावर विश्वास कितपत ठेवावा हा प्रश्न आहेच. टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि अ‍ॅक्शनएड यांनी मुंबईतल्या रस्त्यांवरील मुलांची गणना केली आणि तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ३७ हजार ५९ मुले आढळली. सर्व वयांचे बेघर मिळून ५७ हजार आणि केवळ मुलेच ३७ हजार, यांचा मेळ कसा घालावयाचा? दोन्ही मोजण्यांच्या व्याख्या निराळ्या होत्या हे खरे. रस्त्यावर नुसते काम करून रात्री झोपडीत परतणारी मुलेही दुसऱ्या मोजणीत धरली होती. ती वजा केली तरी दोन आकड्यांची सांगड सहजी बसत नाही. पण त्याहून अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट अशी की, या मुलांत मुली मुलग्यांपेक्षा पुष्कळच कमी आढळल्या. दारिद्र्य काही मुलगा-मुलगी पाहून घराबाहेर काढत नाही. मग मुली गेल्या कोठे? अमर्त्य सेन यांनी १९९० मध्ये जगातल्या दहा कोटी ‘हरवलेल्या’ स्त्रियांचा हिशेब मांडला होता. मुंबईच्या फुटपाथवरच्या मुलींचा हिशेब त्या मानाने अगदीच लहान, तथापि त्यातही काही हरवलेल्या आहेत, काही लपलेल्या आहेत, आणि लपणे हाच त्यांच्या बचावाचा मुख्य उपाय आहे. ज्या गोष्टीमुळे ती मुलगी रात्र सुखरूप काढते, नेमक्या त्याच गोष्टीमुळे ती शासनाच्या दप्तरात येत नाही. या पेचाचा विचार केल्यावाचून तिच्यासाठी आखलेली कोणतीही योजना तिच्यापर्यंत पोचणार नाही.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की रस्त्यावरची मुलगी म्हणजे घरातून पळून आलेली एकटी मुलगी, ही चित्रपटांनी रूढ केलेली समजूत बव्हंशी चुकीची आहे. अशा मुली असतात आणि त्यांचा प्रश्न सर्वांत बिकट आहे. परंतु बहुसंख्य मुली आईबापांसह राहतात. फुटपाथवर जन्मलेल्या आईची फुटपाथवर जन्मलेली मुलगी, अशीही कुटुंबे मुंबईत थोडीथोडकी नाहीत. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडलेले भूमिहीन मजूर, कामाच्या शोधात आलेली परप्रांतीय कुटुंबे आणि फासेपारध्यांसारख्या जमाती या सर्वांचा त्यात भरणा आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का १९५२ मध्ये कागदोपत्री पुसला गेला, पण पोलीस चौकीतल्या माणसाच्या मनातून तो गेलेला नाही. त्यामुळे सिग्नलवर गजरे विकणारी पारध्याची मुलगी संकटात पडली असता चौकीची पायरी चढावयास कचरते. ज्याने तिचे रक्षण करावयाचे तोच तिच्या बापास चोरीच्या संशयावरून अधूनमधून उचलून नेत असतो, हे ती लहानपणापासून पाहत आलेली असते.

तिचा दिवस पाण्यापासून सुरू होतो. इमारतीतल्या गृहस्थास महापालिका हजार लिटर पाणी अवघ्या काही रुपयांत देते. फुटपाथवरच्या कुटुंबास तेच पाणी हंड्याच्या दराने कोठून तरी विकत घ्यावे लागते, किंवा दुकानदाराच्या मेहरबानीने मिळवावे लागते. ‘पैसे द्या व वापरा’ या तत्त्वावरच्या शौचालयात एका खेपेस पाच रुपये आणि स्नानास वीस रुपये धरले, आणि आई व दोन मुली अशा तिघींनी दिवसातून केवळ दोनदा शौचालयात जावयाचे व एक दिवसाआड स्नान करावयाचे असे मानले, तरी महिन्याचा खर्च अठराशे रुपयांवर जातो. गजरे, लिंबू-मिरची किंवा केसांच्या पिना विकून जगणाऱ्या कुटुंबास हा खर्च कसा परवडावा? पुरुषांना मुतारी फुकट आणि स्त्रियांना पैसे, या विषमतेविरुद्ध मुंबईतल्या स्त्रियांनी २०११ पासून चळवळ चालविली आहे. त्या चळवळीची काही जणांनी थट्टाही केली. थट्टा करणाऱ्यांच्या ध्यानात एवढे आले नाही की हा सभ्यतेपेक्षा सुरक्षिततेचा प्रश्न अधिक आहे. शौचालय रात्री बंद होते. मग मुलीने रुळांकडेला अंधारात जावयाचे किंवा पहाटेपर्यंत तग धरावयाचा. बहुतेक मुली दुसरा मार्ग पत्करतात आणि त्याची तयारी म्हणून दुपारनंतर पाणीच पीत नाहीत. मूत्रमार्गाचे विकार त्यातून उद्भवतात, पण तो धोका त्यांनी समजून उमजून स्वीकारलेला असतो. मासिक पाळीच्या दिवसांतली कुचंबणा तर विचारूच नये. कापड धुण्यास पाणी नाही आणि वाळविण्यास आडोसा नाही.

खरा प्रश्न रात्रीचा. या मुली रात्र कशी काढतात हे पाहिले म्हणजे गरिबांच्या व्यवहारबुद्धीविषयी आदर वाटू लागतो आणि त्याच वेळी ही बुद्धी कोठे खर्ची पडते आहे या विचाराने मन खिन्न होते. झोपण्याचा एक क्रम असतो. भिंतीच्या किंवा बंद दुकानाच्या बाजूस मुली, त्यानंतर आई आणि रस्त्याच्या बाजूस बाप अथवा मोठा भाऊ. बाप दारूडा असेल किंवा नसेलच, तर आजी रस्त्याच्या कडेस झोपते. दोन-तीन कुटुंबे एकमेकांस लागून पथाऱ्या पसरतात आणि म्हाताऱ्या बायका आळीपाळीने जाग्या राहतात. एखादी चादर अशी बांधतात की ती ओढली तर भांडी पडून आवाज व्हावा. वयात येणाऱ्या मुलीचे केस बारीक कापतात, तिला भावाची विजार आणि सदरा घालतात. थोडी मोठी असेल तर गळ्यात खोटे मंगळसूत्र येते. लग्न झालेली बाई म्हणजे तिच्या पाठीशी कोणी पुरुष आहे, असा त्याचा अर्थ लागतो. काही मुली रात्री जागतात आणि दिवसा, वर्दळीत, आईच्या गजऱ्याच्या टोपलीशेजारी झोपतात. त्यांना भर दुपारी झोपलेल्या पाहून ‘आळशी लोक’ असा शेरा मारणाऱ्या पादचाऱ्यांना त्या झोपेचे कारण ठाऊक नसते.

जागा निवडण्यातही असाच हिशेब असतो. चोवीस तास उघडे राहणारे औषधाचे दुकान, रुग्णालयाचे फाटक, रखवालदार असलेली बँक यांच्यासमोरची जागा मोलाची समजली जाते. सर्वांत मोलाची ती दिव्याच्या खांबाखालची. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत सार्वजनिक वस्तू म्हणजे काय हे समजावून सांगताना दोन उदाहरणे हमखास दिली जातात. एक देशाचे संरक्षण आणि दुसरे रस्त्यावरचा दिवा. कारण त्यांचा लाभ एकास दिला की दुसऱ्यास नाकारता येत नाही. फुटपाथवरच्या मुलीपर्यंत यांतला दिवा तेवढा पोचला आहे. संरक्षण तिला बाजारात विकत घ्यावे लागते.

या बाजाराचा व्यवहार कसा चालतो हे स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. प्रारंभी किंमत पैशात असते. त्या पट्ट्यातल्या दादास आठवड्याचा हप्ता दिला की त्याची माणसे त्रास देत नाहीत आणि इतरांनाही देऊ देत नाहीत. पैसे संपले की किंमत दुसऱ्या प्रकारे मागितली जाते. म्हणून पंधरा-सोळा वर्षांची झाली की आईच मुलीस कोणाच्या तरी हवाली करते. मुलगा बरा आहे की वाईट हे पाहण्याची चैन तिला परवडत नाही. तो अंगाने धडधाकट आहे आणि त्याच्या नावाचा थोडा दरारा आहे, एवढे पुरते. बालविवाहाविरुद्ध कायदा आहे आणि तो असलाच पाहिजे, परंतु या आईच्या लेखी तो विवाह म्हणजे एक विम्याचा हप्ता आहे. अनेक धोक्यांच्या बदल्यात ती एक धोका पत्करते. तो ‘नवरा’ मारझोड करतो, पुढे बहुधा सोडूनही जातो, आणि मग वीस-बावीस वर्षांची ती आई आपल्या मुलीस भिंतीच्या बाजूस निजवून स्वतः रस्त्याच्या कडेस झोपू लागते.

एकटीने शहरात आलेल्या मुलीची कहाणी याहून लवकर संपते. पळून आलेला मुलगा फलाटावर टोळीत सामील होऊन वर्षानुवर्षे राहू शकतो. मुलीस तेवढा अवकाश मिळत नाही. गाडीतून उतरल्यापासून काही तासांत तिला कोणी तरी हेरतेच. तो रेल्वे सुरक्षा दलाचा जवान असेल, एखाद्या संस्थेचा कार्यकर्ता असेल, किंवा नोकरी देतो म्हणणारी गोड बोलणारी बाई असेल. कोण आधी पोचतो यावर पुढचे सर्व आयुष्य ठरते. रेल्वे सुरक्षा दलाने २०१८ पासून चालविलेल्या मोहिमेत सात वर्षांत ८४ हजारांवर मुलामुलींना स्थानकांवरून व गाड्यांतून ताब्यात घेऊन सुरक्षित स्थळी पोचविले. हे काम मोठेच आहे. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या १०९८ या दूरध्वनी सेवेनेही अनेक मुली त्या गोड बोलणाऱ्या बाईच्या तावडीतून वाचविल्या. २०२३ पासून ही सेवा शासकीय यंत्रणेकडे आली आहे. फलाटावरून पुढे गेलेली मुलगी मात्र घरकामाच्या नावाखाली कोणाच्या तरी बंद दाराआड जाते अथवा कुंटणखान्यात पोचते, आणि दोन्ही ठिकाणी ती ‘बेघर’ या सदरात मोजली जात नाही. रस्त्यावर मुली कमी का दिसतात, याचे एक उत्तर येथे आहे.

कायद्याने या मुलींसाठी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. जुलै १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ओल्गा टेलिस खटल्यात उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचा निर्वाळा दिला. १९८१ मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवासीयांना शहराबाहेर घालविण्याची जी घोषणा केली होती, तिच्यातून हा खटला उद्भवला होता. निकालाची कीर्ती जगभर झाली. तथापि रीतसर नोटीस देऊन फुटपाथ मोकळे करण्यास त्याच निकालाने मुभा दिली आणि पावसाळ्यापुरती, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत, सवलत दिली, हे फारसे कोणी सांगत नाही. तेव्हापासून महापालिकेची गाडी येते, पथाऱ्या, भांडी आणि पत्र्याच्या पेट्या उचलून नेते. त्या पेटीत शिधापत्रिका असते, मुलीचा जन्मदाखला असतो, शाळेची पुस्तके असतात. कागद गेले की शाळा जाते. शाळा गेली की मुलगी दिवसभर सिग्नलवर राहते, आणि मग तिच्या मागे भिक्षा प्रतिबंधक कायदा लागतो. १९५९ च्या या मुंबईच्या कायद्याने भिक्षेची जी व्याख्या केली तीत गाणे, नाचणे, भविष्य सांगणे याबरोबर ‘वस्तू विकावयास पुढे करणे’ या बहाण्याचाही समावेश आहे. गजरा विकणे हा व्यापार की भीक, हे पकडणाऱ्याच्या मर्जीवर राहिले. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या कायद्याची प्रमुख कलमे दिल्लीपुरती रद्द ठरविली. ज्या राज्यात तो जन्मास आला तेथे त्याचा पुनर्विचार व्हावा, अशी निकड कोणास वाटलेली दिसत नाही.

बालकांविषयीचे कायदे हेतूने चांगले आहेत, पण फुटपाथवर पोचेपर्यंत त्यांचा अर्थ पालटतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार घर व निर्वाहाचे साधन नसलेले प्रत्येक मूल ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले’ ठरते आणि त्यास चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. आईस यातून एवढेच उमगते की पोलिसांची गाडी आली तर मुलगी हिरावली जाईल आणि परत मिळविण्यासाठी जे कागद दाखवावे लागतील ते महापालिकेने उचलून नेले आहेत. म्हणून संस्थेची कार्यकर्ती दिसली तरी मुलींना लपविले जाते. २०१२ च्या लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याने अठरा वर्षांखालील मुलीसंबंधीचा गुन्हा कळताच त्याची खबर देणे बंधनकारक केले. डॉक्टरने गप्प बसू नये, हा हेतू रास्तच होता. परंतु सोळा वर्षांची गरोदर मुलगी महापालिकेच्या रुग्णालयात गेली की खबर जाणार, तो ‘नवरा’ तुरुंगात जाणार आणि त्याच रात्री तिचे संरक्षणही जाणार. ती मग वय खोटे सांगते किंवा रुग्णालयातच जात नाही. कायदा सैल करावा असा याचा अर्थ नव्हे. खबर दिल्यानंतर त्या रात्री मुलगी कोठे झोपेल याचे उत्तर कायद्याजवळ असले पाहिजे, एवढेच.

हे उत्तर निवाऱ्यांनी द्यावयाचे होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा असा आदेश दिला. २०१३ मध्ये केंद्राच्या नागरी उपजीविका अभियानात बेघरांच्या निवाऱ्याची योजना आली. माणशी ५० चौरस फूट जागा, वर्षाचे बाराही महिने व दिवसरात्र उघडी दारे, पाणी, शौचालय, स्वयंपाकाची सोय, असे निकष ठरले. २०११ च्या लोकसंख्येनुसार मुंबईस सव्वाशेच्या घरात निवारे हवे होते. महानगर त्या संख्येच्या जवळपासही पोचले नाही. जागा मिळत नाही, हे कारण नेहमी पुढे केले जाते. याच शहरात वाहनतळांना जागा मिळते. जे निवारे झाले त्यांतही कुटुंबाने एकत्र राहण्याची सोय असलेले अत्यल्प. एकीकडे मुलगे, दुसरीकडे मुली, बाप तिसरीकडे आणि आईस कोठेच नाही, अशी फाळणी करणारा निवारा फुटपाथवरच्या कुटुंबास नको असतो, आणि मग ‘या लोकांनाच रस्त्यावर राहावयाचे असते’ असा अहवाल जातो.

२०२१ च्या सप्टेंबरमध्ये साकीनाक्यास रस्त्याकडेच्या टेम्पोत एका स्त्रीवर झालेल्या अत्याचाराने व तिच्या मृत्यूने शहर हादरले होते. आरोपीस पुढल्याच वर्षी सत्र न्यायालयाने फाशीची शिक्षा सुनावली. त्या वेळी पोलिसांना ज्या सूचना दिल्या गेल्या त्यांत, रात्री एकट्या आढळणाऱ्या स्त्रियांना सुरक्षित स्थळी पोचवावे, अशी एक होती. सूचना योग्यच, पण गस्तीवरच्या शिपायाने रात्री दोन वाजता गाडी कोठे न्यावयाची? फाशीच्या शिक्षेवर रकानेच्या रकाने लिहिले गेले. हा साधा प्रश्न मात्र बाजूस पडला.

तेव्हा आगामी जनगणनेकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण निवारे किती हवेत, शौचालये कोठे हवीत आणि ती रात्री खुली ठेवण्यास किती पैसा लागेल, हे सर्व त्या एका रात्रीच्या आकड्यावर अवलंबून राहणार आहे. मुंबईस या बाबतीत स्वतःचा एक दाखला आहे. १९८५ मध्ये, निकालानंतर पाडापाडीची टांगती तलवार असताना, ‘स्पार्क’ या संस्थेने भायखळ्याच्या फुटपाथवरल्या स्त्रियांस हाताशी धरून सुमारे सहा हजार कुटुंबांची मोजणी केली. अहवालास नाव दिले ‘आम्ही, अदृश्य’ या अर्थाचे. पुढल्या वर्षी त्याच स्त्रियांतून ‘महिला मिलन’ ही संघटना उभी राहिली आणि कालांतराने त्यांच्यापैकी काही कुटुंबे मानखुर्दला पक्क्या घरांत राहावयास गेली. ही मोजणी साधली ती मोजणाऱ्या बायका ओळखीच्या होत्या म्हणून. कोणत्या पथारीमागे किती मुली झोपतात हे त्यांना विचारावे लागले नाही.

प्रगणकासोबत त्या त्या रस्त्यावरची एक स्त्री मानधन देऊन घेतली, तर खर्च फारसा वाढणार नाही. मध्यरात्री बॅटरीचा झोत टाकत येणारा अनोळखी पुरुष पाहून मुली चादरीत अधिकच दडतील. त्यापेक्षा संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान, चुली पेटलेल्या असतात तेव्हा, एक फेरी घ्यावी. दुसरी फेरी पहाटे पाचच्या सुमारास सार्वजनिक शौचालयांच्या दारांशी घ्यावी. रात्रभर तग धरलेल्या मुली त्या वेळी तेथे रांगेत उभ्या असतात.